सुप्त गुणांचा वार्षिकांक

महाविद्यालयाचा वार्षिकांक हे विद्यार्थ्यांच्या पैशाने, मराठीच्या एका प्राध्यापकाच्या जिवावर आणि मुद्रकाच्या सवडीने वर्षातून एकदा निघणारे नियतकालिक होय. अमरावती-अकोल्याकडे त्याला सरळ 'मॅगझिन' म्हणतात. प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा निधी, वैद्यकीय तपासणी, विकास निधी अशा रकान्यांच्या गर्दीत त्याच्या शुल्काचा एक छोटा आकडा असतो. विकास कोणाचा झाला हे विद्यार्थ्याला पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत कळत नाही. मॅगझिन मात्र, उशिरा का होईना, हातात पडते. त्यामुळे सगळ्या पावतीत तोच व्यवहार त्यातल्या त्यात चोख मानला जातो.

अंकाचे ध्येय संपादकीयाच्या पहिल्या परिच्छेदात दिलेले असते आणि त्यात कानामात्रेचाही फरक होत नाही : विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव देणे. इतकी वर्षे अव्याहत वाव मिळूनही हे गुण दर जूनमध्ये पुन्हा सुप्तच सापडतात. काही संपादक त्याऐवजी लिहित्या हातांना बळ देतात, काही हक्काचे व्यासपीठ उभारतात, काम तेच. याखेरीज अंकाला एक न छापलेले ध्येयही असते. संस्थेच्या अध्यक्षांपासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात खड्डा खणणाऱ्या पोट्ट्यापर्यंत प्रत्येकाचे नाव किंवा छायाचित्र एकदा तरी छापून यावे, हे ते ध्येय. अंक कोणी वाचावा अशी फारशी कोणाची अपेक्षा नसते; त्यात आपण असावे एवढीच असते. कवितासंग्रह सोडले तर वाचकापेक्षा लेखकाची सोय इतकी पाहणारा दुसरा प्रकार मराठी प्रकाशनव्यवहारात नाही.

या प्रकाराचे मूळ मुंबईत सापडते. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या परिसरात विद्यार्थ्यांची ज्ञानप्रसारक सभा निघाली. तिच्या मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. या शाखेने १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू केले आणि ते १८६७ पर्यंत टिकले. शिकणाऱ्या पोरांनी सभेत निबंध वाचायचे आणि ते छापायचे, ही कल्पना तिथली. त्या मासिकात उपयुक्त माहितीचा भरणा फार होता; हा दोष पुढच्या महाविद्यालयांनी कवितांच्या साहाय्याने बराचसा दूर केला.

वऱ्हाडात हे सगळे सावकाश आले. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यानंतर कापूस नेण्यासाठी रेल्वे आली, जिन आले, प्रेसही आले; पण ते प्रेस कापसाच्या गाठी बांधणारे होते. महाविद्यालय काही आले नाही. मॅट्रिक झालेल्या वऱ्हाडी मुलाने पुढे शिकायचे म्हटले तर नागपूरला १८८३ चे हिस्लॉप आणि १८८५ चे मॉरिस ही दोन महाविद्यालये होती, नाहीतर पुणे-मुंबई. १९१२ साली अकोल्यात हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अख्ख्या वऱ्हाडात एकही महाविद्यालय नव्हते. साहित्याला महाविद्यालयाची गरज नसते, हे अकोल्याने एकदा सप्रमाण दाखवून दिले होते. पुढे ते कोणी मनावर घेतले नाही.

मग १९२३ उजाडले आणि एकाच वर्षात सगळे झाले. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय उघडले आणि त्याच वर्षी ऑगस्टात नागपूर विद्यापीठ सुरू झाले. ज्या सातव्या एडवर्डचे नाव महाविद्यालयाला मिळाले तो राजा १९१० सालीच वारला होता. वऱ्हाडातल्या कामांचा वेग पाहता तेरा वर्षे हा काही उशीर नव्हे. साहित्य संघ यथावकाश नागपूरला नांदायला गेला आणि तिकडचाच झाला. महाविद्यालय मात्र अमरावतीत राहिले. स्वातंत्र्यानंतर ते विदर्भ महाविद्यालय झाले, अलीकडे त्याचे नाव शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था असे लांबले, आणि अमरावतीकर अजूनही त्याला व्हीएमव्ही म्हणतात.

इंग्रजी अमदानीतल्या महाविद्यालयीन अंकांची रचना ठरलेली असे. पुढची पाने इंग्रजीची. त्यांत शेक्सपिअरवर निबंध, बदलून गेलेल्या गोऱ्या प्राचार्यांना निरोप आणि क्रिकेटच्या सामन्याचे चेंडूगणिक वर्णन. मराठीला मागची पाने मिळत. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर मराठी पुढे आली, हिंदी मध्ये बसली आणि इंग्रजी मागे गेली. आज इंग्रजी विभागात वेळेचे महत्त्व, आईचे महत्त्व आणि इंग्रजीचे महत्त्व हे तीन निबंध असतात. जिथे उर्दूचा विभाग आहे तिथे अंकाला दोन दर्शनी बाजू येतात, कारण उर्दू उजवीकडून उघडते. मराठी वाचत निघालेला आणि उर्दू वाचत निघालेला असे दोन वाचक अंकाच्या मध्यावर, विभागीय अहवालांपाशी, समोरासमोर येतात. तिथे दोघेही अंक मिटतात.

खरा विस्तार झाला तो डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेमुळे. तिचे अमरावतीचे महाविद्यालय १९४६ चे, अकोल्याचे १९५४ चे. मग तालुक्याच्या गावी, पुढे बाजाराच्या गावी महाविद्यालये निघाली आणि कास्तकाराची पोरे पहिल्यांदा फाटकातून आत आली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, तेव्हा गुणवत्ता यादीत नागपूरच्या पोरांशी असलेली स्पर्धा संपली आणि अंकातल्या 'आमचे गुणवंत' या पानाची दोन पाने झाली. विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव मिळाले.

अंक कोणी काढायचा याचेही एक राजकारण होते. जुन्या काळी स्नेहसंमेलनाच्या निवडणुकीत इतर पदांबरोबर 'मॅगझिन सेक्रेटरी' निवडून येई. प्रचारात कचोरी आणि चहा चाले, पॅनेले पडत, आणि निवडून आलेल्या उमेदवाराने त्यापूर्वी एखादे मॅगझिन पाहिलेलेच असे अशी अट नव्हती. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने या थेट निवडणुका बंद पडल्या आणि गुणानुक्रमे नेमणुका सुरू झाल्या. तेव्हापासून विद्यार्थी संपादक म्हणून वर्गात पहिली येणारी मुलगी असते. ती खरोखरच लेख वाचते, आणि त्यामुळे काम फार वाढते.

सूचना फलकावर ऑगस्टात कागद लागतो : साहित्य ३० सप्टेंबरपर्यंत आणून द्यावे. ३० सप्टेंबरपर्यंत तीन कविता येतात, तिन्ही एकाच मुलाच्या. मुदत दिवाळीपर्यंत वाढते. दिवाळीनंतर प्राध्यापक वर्गात जाऊन विनवणी करतात, डिसेंबरात दम देतात, आणि जानेवारीत अचानक दोनशे कविता येऊन पडतात. त्यानंतर कवी प्राध्यापकांना जिन्यात, ग्रंथालयात आणि बसस्टॉपवर गाठतो. "सर, माह्या कवितेचं काय झालं जी?" या प्रश्नाला आजवर एकाही प्राध्यापकाने सरळ उत्तर दिलेले नाही.

कवितांचे विषय ठरलेले आहेत. आई पहिली, मग मैत्री, मग पाऊस, मग पुन्हा आई. वडील अलीकडे वर सरकले आहेत. पावसाचे प्रकरण वऱ्हाडात जरा गमतीचे आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पट्ट्यातला पोरगा ओल्या माडांवर, हिरव्या डोंगरांवर आणि समुद्रावर कोसळणाऱ्या सरींवर कविता लिहितो, कारण शाळेच्या पुस्तकात त्याला भेटलेला पाऊस कोकणातला होता. स्वतःच्या गावचा पाऊस, जो येत नाही आणि आला की सोयाबीन घेऊन जातो, तो कवितेत घालायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

गद्यात चिखलदऱ्याची सहल अढळ आहे. पहाटे सर्वजण ठरलेल्या वेळी जमले, बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या झाल्या, परतवाड्याला चहा झाला, घाट लागला. मग भीमाने कीचकाला मारून दरीत फेकल्याची कथा येते, मग देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, आणि शेवटी जड अंतःकरणाने परतीचा प्रवास. अकोल्याकडच्या अंकात याच जागी नरनाळा किल्ला असतो आणि परतताना शेगाव. बसचा टायर पंक्चर झाला असेल तर लेख एक पान वाढतो आणि बहुतेक वेळा तेच पान वाचनीय निघते.

काव्यात अमरावतीची एक अडचण आहे. सुरेश भट या गावात जन्मले, विदर्भ महाविद्यालयात शिकले, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास होऊन १९५५ साली पदवीधर झाले, आणि पुढे मराठी गझल म्हणजे ते असे समीकरण होऊन बसले. या चरित्राचा उत्तरार्ध अवघड आणि पूर्वार्ध अनुकरणाला सोपा असल्याने गावातल्या कित्येक कवींनी पूर्वार्ध मनापासून पाळला. शिवाय प्रत्येक वर्गात निदान एकजण गझल लिहितो. भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली आहे. ती वाचलेला पोरगा मात्रा मोजून, काफिया-रदीफ सांभाळून गझल आणतो. न वाचलेला प्रत्येक दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'होते' लिहून आणतो. मराठीचे प्राध्यापक समीक्षेत पारंगत असतात, पण मात्रा मोजायला बसायचे म्हणजे दार बंद करून टेबलावर बोटे वाजवावी लागतात. म्हणून दोन्ही गझला छापल्या जातात.

अकोल्याची अडचण वेगळी. तिथे श्री शिवाजी महाविद्यालयात मराठी शिकवलेले विठ्ठल वाघ हेच वऱ्हाडी बोलीतले मोठे कवी. त्याआधी उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली होती, पुढे पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया' लिहिली. बोलीची प्रतिष्ठा अशी सिद्ध झालेली असताना वार्षिकांकाचा संपादक मात्र कित्येक वर्षे लाल पेन घेऊन बसला होता. पोरगा लिही, "बाप वावरात राबून राहिला अन् मले शिकवून राहिला." संपादक ते सुधारून "वडील शेतात राबत आहेत व मला शिकवत आहेत" असे करी. व्याकरण सुधारले आणि बाप गेला. काही वर्षांनी विद्यापीठाच्या वार्षिकांक स्पर्धेत बोलीवरच्या अंकांना बक्षिसे मिळू लागली, तेव्हा त्याच पेनने उलटा प्रवास सुरू केला. आता अमरावतीत शहरात वाढलेली मुलगी "मी बसची वाट बघत होते" असे लिहून आणते आणि ते "मी बसची वाट पाहून राहिली होती" असे होऊन छापले जाते.

या साऱ्या ढिगात दरवर्षी एक-दोन पाने अशी सापडतात की ती वाचून प्राध्यापक चष्मा काढून ठेवतात. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडचा, शेवटच्या बाकावर बसणारा, वाङ्मय मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला न आलेला मुलगा वहीच्या फाडलेल्या कागदावर पंधरा ओळी लिहून देतो : कापूस विकायला बापाबरोबर गेलो, रात्रभर बंडीखाली झोपलो, सकाळी भाव उतरला, बापाने मला तरी भजे घेऊन दिले. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच, शीर्षक नाही, शेवट नाही. संपादकीयात ज्यांना सुप्त गुण म्हणतात ते हे. हा मजकूर सहसा पान ७३ वर, खाली, 'पर्यावरण : काळाची गरज' या लेखाच्या उरलेल्या जागेत छापला जातो, आणि लेखकाचे नाव अनुक्रमणिकेत राहून जाते. अंकाच्या बाजूने मात्र एवढे म्हटले पाहिजे की हा मजकूर दुसरीकडे कुठेच छापून आला नसता.

उरलेल्या जागेचा प्रश्न मोठा आहे आणि तो छपाईच्या तंत्रातून येतो. छपाई फर्म्याने होते. एक फर्मा आठ किंवा सोळा पानांचा. मजकूर एकशे तेरा पानांचा झाला तर एकशे वीस पाने करावीच लागतात. तिथे चारोळ्या, सुविचार, 'तुम्हाला माहीत आहे का?' आणि अध्यक्षांचे आणखी एक छायाचित्र कामी येते. मराठीत चारोळी लोकप्रिय का झाली याची कारणे समीक्षक कवींच्या मनोवृत्तीत शोधतात. फर्म्याच्या हिशेबाकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले नाही.

खिळ्यांच्या जमान्यात एकेक अक्षर उचलून जुळवावे लागे. कंपोझिटर हा अंकाचा पहिला आणि बरेचदा एकमेव वाचक. त्याला एखादी कविता आवडली नाही तर ती दुसऱ्या दिवशी जुळवी. छायाचित्रासाठी जस्ताचा ठोकळा करावा लागे आणि तो महाग असल्याने जपून ठेवत. त्यामुळे संस्थेचे पदाधिकारी अंकात वर्षानुवर्षे एकाच वयाचे राहत. प्रत्यक्षात नातवंडे खेळवणारे गृहस्थ छापील पानावर काळ्याभोर केसांनिशी शुभेच्छा देत. प्रुफे तपासायची वेळ नेमकी परीक्षा संपल्यावर, म्हणजे मे महिन्यात येई. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला, पंखा लावला तर गॅल्या उडतात, न लावला तर घाम शाईवर पडतो. अशा स्थितीत नजरेतून सुटलेल्या चुकांना मुद्राराक्षस जबाबदार धरला जातो. सूर्याला कोणी धरत नाही.

संगणक आल्यावर चुका गेल्या नाहीत, सुधारल्या. सुरुवातीच्या काळात 'विद्यार्थी' सर्रास 'विधार्थी' झाले आणि 'महाविद्यालया'चे 'महाविधालय' झाले. पुढे श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार एक घर पुढे सरकू लागला. त्यामुळे काही अंकांत 'वाषिर्क' अहवालात 'कायर्क्रमां'ची माहिती सापडते. वाचताना त्रास होतो, पण अहवाल कोणी वाचत नसल्याने तक्रार येत नाही.

हे अहवाल अंकाचा उत्तरार्ध व्यापतात. त्यांची भाषा स्वतंत्र आहे. कार्यक्रम 'संपन्न' होतो, अतिथी 'समयोचित' बोलतात, विद्यार्थी 'बहुसंख्येने' उपस्थित असतात, आणि आभार मानले की कार्यक्रम 'यशस्वीरीत्या' संपतो. अयशस्वीरीत्या संपलेल्या कार्यक्रमाची नोंद वऱ्हाडातल्या एकाही वार्षिकांकात मिळत नाही. वृक्षारोपणाचा अहवाल दरवर्षी येतो आणि खड्ड्याची जागाही बहुधा तीच असते.

१९९४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या नॅक या मूल्यांकन संस्थेने या उत्तरार्धाला फार बळ दिले. तिच्या प्रश्नावलीत विद्यार्थ्यांना भित्तिपत्रके आणि नियतकालिके काढायला महाविद्यालय कसे उत्तेजन देते, असा सरळ प्रश्न असे. त्या दिवसापासून मॅगझिन हा पुरावा झाला. पुराव्याला कविता लागत नाही, छायाचित्र लागते. अंकाचा कागद गुळगुळीत झाला, रंगीत पाने वाढली, आणि प्रत्येक छायाचित्रात मागचा फलक वाचता येईल अशा बेताने माणसे बाजूला उभी राहू लागली. पूर्वी फोटो मान्यवरांचा असे, आता फलकाचा असतो.

समूह छायाचित्रांखालच्या ओळी वेगळ्या अभ्यासाचा विषय आहेत. 'खुर्चीवर बसलेले (डावीकडून)' यातला क्रम ठरवताना जेवढा विचार होतो तेवढा संपादकीय लिहिताना होत नाही. मधली खुर्ची अध्यक्षांची. उजवीकडे प्राचार्य, डावीकडे सचिव. पण पाहणाऱ्याच्या उजवीकडे की बसणाऱ्याच्या, यावरून अबोला धरल्याची उदाहरणे आहेत. विद्यार्थी उभे असतात. त्यांची नावे जागेअभावी गळतात, म्हणून वीस वर्षांनी अंक चाळताना सगळे खुर्चीवाले ओळखता येतात आणि मागे उभा असलेला, पुढे आमदार झालेला मुलगा ओळखू येत नाही.

विशेषांकांची वऱ्हाडात कधी ददात नसते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, पंजाबरावांचा १८९८ चा, तुकडोजी महाराजांचा १९०९ चा. जन्मशताब्दी, एकशे पंचविसावे वर्ष, दीडशेवे वर्ष, मग पुण्यतिथीचे सुवर्णमहोत्सव असे वेळापत्रक मांडले तर या शतकाच्या अखेरीपर्यंत मुखपृष्ठाची चिंता नाही. खराटा, खंजिरी आणि कणीस यांपैकी एक चित्र निवडायचे एवढेच काम उरते. संपादकीयाला विषय सुचत नसेल तर रिद्धपूर आहेच. मराठी गद्याचा पहिला ग्रंथ 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या याच गावी सिद्ध केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही निघाले. त्यामुळे संपादकीयांची पुढच्या बऱ्याच वर्षांची सोय झाली. विनोदाचा भाग सोडला तर हा अभिमान रास्त आहे. अमरावतीहून तासा-दीड तासाच्या अंतरावर मराठी गद्य जन्मले, हे सांगायला पान खर्च झाले तर बिघडत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता काही अंकांच्या शेवटी 'फॉर्म ४, नियम ८' असे एक गंभीर पान असायचे. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा आणि त्याखालचे नियम यांतून ते आले. प्रकाशनाचे स्थळ, कालावधी 'वार्षिक', मुद्रकाचे नाव, संपादकाचे नाव, राष्ट्रीयत्व 'भारतीय', आणि वरील माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी असल्याचे निवेदन. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. तरी एका प्राचार्यांनी आपण भारतीय असल्याचे दरवर्षी लेखी कळवावे, यात एक प्रकारची शिस्त होती. त्याच पानावर 'केवळ खासगी वितरणासाठी' आणि 'लेखांतील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही' ही दोन वाक्ये असत. आईवरच्या चाळीस कवितांतल्या नेमक्या कोणत्या मताशी मंडळ असहमत आहे, हे उघड केलेले नसे.

उसनवारी हा जुना रोग आहे. पूर्वी दिवाळी अंकातली कविता वहीत उतरवून दिली जाई आणि ज्या प्राध्यापकाने तो दिवाळी अंक वाचलेला असे त्याच्याच हाती पडे. नंतर व्हॉट्सअॅपवरचे मजकूर येऊ लागले. ते मूळ कोणाचे हे कोणालाच ठाऊक नसते आणि खाली बहुधा व. पु. काळे यांचे नाव असते. ते खोडून स्वतःचे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निदान व.पुं.ना तरी त्या मजकुरातून सोडवले, असे म्हणता येते. आता यंत्राने लिहिलेले निबंध येतात. ते ओळखणे सोपे आहे : ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नसते आणि चिखलदऱ्याच्या सहलीत कोणालाच उलटी होत नाही.

प्रकाशन स्नेहसंमेलनात, फेब्रुवारीत, व्हावे असा संकेत आहे. अंक तोपर्यंत तयार नसतोच. म्हणून मुखपृष्ठ तेवढे छापून आणतात, ते गेल्या वर्षीच्या अंकाला चढवतात, चमकीच्या कागदात गुंडाळतात आणि प्रमुख पाहुण्यांच्या हाताने फीत सोडवतात. पाहुणे दोन-चार पाने उलटून अंक अतिशय देखणा झाल्याचे सांगतात. खरा अंक ऑगस्टात येतो. तोवर शेवटच्या वर्षाची मुले गावी गेलेली असतात, कोणी पुण्याला कंपनीत, कोणी स्पर्धा परीक्षेच्या खोलीत. बस बदलून अंक घ्यायला आलेल्या माजी कवीला खिडकीतून बाबू सांगतात, "उद्या येजो भाऊ, अजून गठ्ठे फोडले नाही." तो दुसऱ्या दिवशी येतो. उभ्या उभ्या स्वतःचे पान काढतो, नावातली चूक पाहतो, आणि अंक पिशवीत ठेवतो. त्या पानापलीकडे अंक उघडला जात नाही, पण ते पान घरात कोणी आले की निघते. सोयरिकीच्या बोलण्यातही ते निघाल्याचे जुने लोक सांगतात.

२०२० च्या साथीत छपाई थांबली आणि अनेक महाविद्यालयांनी अंक पीडीएफमध्ये काढला. खर्च वाचला, चुका नंतरही दुरुस्त करता येऊ लागल्या, त्यामुळे कोणी दुरुस्त केल्या नाहीत. शुल्काचा रकाना पावतीवर राहिला. पीडीएफ मात्र पाहुण्यांपुढे काढून दाखवता येत नाही, म्हणून छापील अंक परत आले आहेत, जरा बारीक होऊन.

जुन्या अंकांचे खरे मोल त्यांच्या कवितांत नाही. जिनिंग फॅक्टरीच्या आणि कापड दुकानाच्या जाहिराती, वसतिगृहाच्या खाणावळीचा खर्च, पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या मुलींची संख्या, बंद पडलेले खेळ, त्या त्या वर्षीचे भाव आणि दुष्काळ हे सारे त्या न वाचलेल्या अहवालांत नोंदलेले आहे. अमरावती-अकोल्याचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला इतके स्वस्त साधन दुसरे मिळणार नाही. तेव्हा ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांच्या वेळचे किंग एडवर्डचे किंवा शिवाजी महाविद्यालयाचे अंक असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना दाखवावेत. ग्रंथपाल दुपारी तीननंतर जागेवर सापडतात.